बर्फाचा जमाखर्च

प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना आपण बहुधा निघण्याच्या क्षणापासून सुरुवात करतो. बंदर, स्टेशन, विमानतळ, निरोपाचे रुमाल. त्याआधी घरात पैशांवरून जी खलबते झालेली असतात ती लेखक गाळून टाकतो आणि समीक्षकही त्यांची चौकशी करीत नाही. याला एक ठळक अपवाद आपल्या भाषेत अगदी आरंभीच उभा आहे. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते बंड पाहण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दानधर्म होणार, ही वार्ता कानी आली होती. 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला, पण त्याचे बीज एका कोकणस्थ कुटुंबाच्या ओढगस्तीत आहे. पुढे झाशीचा प्रलय त्यांनी पाहिला, तरी किती मिळाले, किती लुटले गेले आणि गाठीला काय उरले, हे गोडसे शेवटपर्यंत विसरत नाहीत. त्या पुस्तकाच्या विश्वासार्हतेचा मोठा भाग मला या हिशेबीपणात दिसतो.

हे आठवण्याचे कारण असे की गेले काही महिने मीही एका प्रवासाचे अंदाजपत्रक लिहीत आहे. आंदीज पर्वतात, चिलीच्या बाजूला, आठ दिवस स्कीइंग. हे वाक्य मराठीत लिहितानाच किती परके वाटते! या खेळाला आपल्याकडे शब्द नाही आणि जवळचा म्हणून 'घसरणे' वापरावा तर त्याला आपण केव्हाच नैतिक अर्थ चिकटवून ठेवला आहे. आम्ही दोघी आहोत. माझी मैत्रीण भौतिकशास्त्र शिकवते, मी साहित्य. गुलमर्गच्या सरकारी संस्थेच्या वर्गात आमची ओळख झाली. तिथे बर्फावर उभे राहण्याइतपत आम्ही शिकलो, त्याहून फार पुढे गेलो असे म्हणवत नाही.

मग पुन्हा गुलमर्गलाच का नाही? प्रश्न रास्त आहे आणि तो आम्हाला सर्वांनी विचारून झाला आहे. एक उत्तर असे की तिथलाही बर्फ आता शब्द पाळत नाही; २०२५ साली तिथले 'खेलो इंडिया'चे हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. खरे उत्तर वेगळे आहे. आंदीजमधला बर्फ मी तीस वर्षे वाचत आले आहे. एखादा पदार्थ केवळ पुस्तकात चाखलेला असावा तसा. त्याकडे पुढे येईनच.

पहिला अडथळा पैशाचा नाही, पंचांगाचा आहे. दक्षिण गोलार्धातला हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. तिथल्या बर्फाचा हंगाम साधारण जूनअखेरीस सुरू होऊन सप्टेंबरअखेरीस संपतो. आणि शिक्षकाच्या सुट्ट्या येतात मे महिन्यात व दिवाळीत. एक फार लवकर, दुसरी फार उशिरा. जुलैत तिथल्या शाळांना हिवाळी सुट्टी असते, त्यामुळे दर शिगेला पोचतात आणि लिफ्टपाशी रांगा लागतात. तेव्हा आमच्या वाट्याला उरते ती गणपतीची सुट्टी. २०२६ साली अधिक मासामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरपर्यंत लांबली. २०२७ साली ती ४ सप्टेंबरला आहे. तेव्हा हंगाम उतरणीला लागलेला असतो, दर खाली येतात, बर्फ दुपारी मऊ पडतो पण असतो. सगळे जुळते. फक्त घरच्या गणपतीला मी नसणार.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "जा की. नैवेद्याला आम्ही आहोत." मग थोडा थांबून म्हणाला, "पण आईनंतर मोदकांचं सारण तूच करतेस, एवढं लिही तुझ्या त्या कागदावर." मी लिहिले. मैत्रिणीने संगणकावर केलेल्या तक्त्यात त्या ओळीपुढचा रकाना कोरा आहे आणि बेरीज करताना संगणक कोऱ्या जागेला शून्य धरतो.

आता विमाने. मुंबई ते सांतियागो हे अंतर सरळ रेषेत सुमारे सोळा हजार किलोमीटर आहे. पृथ्वीवर याहून फार दूर जाताच येत नाही, कारण वीस हजारांनंतर आपण परत घराकडे येऊ लागतो. सरळ विमान नाही. तीन दारे आहेत. एक आफ्रिकेचे: आदिस अबाबाहून साओ पावलो किंवा ब्यूनोस आयरेस. दुसरे आखाताचे: दुबई वा दोहाहून साओ पावलो, आणि तिथून आंदीज ओलांडून सांतियागो. तिसरे युरोपचे: माद्रिद किंवा पॅरिसहून थेट सांतियागो. आमच्या वहीत परतीच्या तिकिटाचा आकडा माणशी दीड लाखापासून सव्वादोन लाखांपर्यंत हिंदकळत राहिला आहे. सकाळी एक, रात्री दुसरा. मैत्रीण त्याचा आलेख काढते. मला तो आलेख एखाद्या संशयी पात्राच्या स्वगतासारखा दिसतो.

स्वस्त तिकिटाचा मोह इथे फार महाग पडू शकतो. अर्जेंटिनातल्या बारिलोचेचा बेत आम्ही आधी आखला होता. आंतरराष्ट्रीय विमान ब्यूनोस आयरेसला एसेइसा विमानतळावर उतरते आणि देशांतर्गत विमाने बहुतांशी शहरात नदीकाठी असलेल्या आएरोपार्के विमानतळावरून सुटतात. दोहोंत तीसेक किलोमीटरचे अंतर आणि मोठ्या शहराची वाहतूक. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर पहिल्या विमानाला झालेला उशीर ही दुसऱ्या कंपनीची जबाबदारी राहत नाही. म्हणून एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे धरले, आणि ते धरताच स्वस्त तिकीट स्वस्त उरले नाही. व्हिसाचेही तसेच. अमेरिकेचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा असेल तर चिली २०१९ पासून भारतीयांना वेगळा व्हिसा मागत नाही. नसेल तर अर्ज, बँकेचे उतारे, आमंत्रणे. शिवाय वाटेत नुसते विमान बदलण्यासाठीही काही देश कागद मागतात. तो नियम तिकिटाआधी वाचायचा असतो, नंतर नव्हे.

सर्वांत गमतीची ओळ मात्र पीतज्वराची. बर्फात जायचे आणि लस डासाच्या रोगाची घ्यायची! ब्राझील, अर्जेंटिना आणि इथिओपिया हे तिन्ही देश भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवले जाऊ शकते. विमानतळाबाहेर न पडलेल्यांना सूट आहे, पण ती अधिकाऱ्याच्या समाधानावर. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभराचे आहे. चिली त्या यादीत नाही. म्हणजे मुक्कामाचा देश निर्दोष, वाट मात्र संशयित. आम्ही लस घेणार आहोत. 'आयुष्यभरासाठी वैध' असे लिहिलेला कागद आपल्याला एरवी कोण देतो?

चलनाचे प्रकरण थोडक्यात सांगते, कारण त्यात रस येण्याजोगे आता कमी उरले आहे. अर्जेंटिनाबद्दलचा जुना सल्ला असा की डॉलरच्या नोटा खिशात घेऊन जावे आणि रस्त्यावरच्या 'निळ्या' दराने बदलावे. २०२३ साली तिथली महागाई दोनशे टक्क्यांच्या वर गेली, त्या डिसेंबरात पेसोचे अधिकृत मूल्य एका फटक्यात निम्म्याहून खाली आणले गेले, आणि एप्रिल २०२५ मध्ये सामान्य माणसांवरचे डॉलरखरेदीचे निर्बंध बहुतेक उठल्यावर त्या दोन दरांमधली दरी जवळपास बुजली. सल्ला शिळा झाला, तरी प्रवासी पुस्तकांत अजून तो छापलेला सापडतो. चिलीत अशी नाट्ये नाहीत. तिथे परदेशी पाहुण्याने हॉटेलचे बिल डॉलरमध्ये भरले तर एकोणीस टक्के मूल्यवर्धित कर माफ होतो. ही एक ओळ आमच्या तक्त्यातली सर्वांत मोठी बचत आहे, आणि बारिलोचे सोडून चिलीकडे वळण्याचे ते एक कारण.

दुसरे कारण पोर्तिलो. सांतियागोपासून दीडशेहून थोडे अधिक किलोमीटरवर, २,८८० मीटर उंचीवर, एका सरोवराच्या काठी असलेले पिवळे हॉटेल. गाव नाही, बाजार नाही. १९४९ साली ते उघडले आणि १९६६ च्या ऑगस्टमध्ये तिथे स्कीइंगचे जागतिक अजिंक्यपद झाले. दक्षिण गोलार्धात ते त्याआधी झाले नव्हते, त्यानंतरही झालेले नाही. तिथे खोली मिळते ती शनिवार ते शनिवार अशी आठवड्याच्या मापाने. जेवणे आणि लिफ्टचा पास त्यातच. मुख्य हॉटेलातला एक आठवडा आमच्या विमानाच्या परतीच्या तिकिटाहून महाग आहे, म्हणून आम्ही त्याच आवारातल्या साध्या निवासाची चौकशी केली आहे. स्कीज, बूट, काठ्या भाड्याने. त्या मुंबईहून वाहून नेण्याचा प्रश्नच नाही, कारण त्या आमच्याकडे नाहीत. (नावावरून फसू नये. डार्विनने मार्च १८३५ मध्ये ओलांडली ती पोर्तिलो खिंड वेगळी, बरीच दक्षिणेला. मात्र मेन्दोसाहून परतताना तो ज्या उस्पायाता वाटेने आला ती याच बाजूची. त्याच्याकडे दहा खेचरे होती, आणि हंगाम उशिराचा म्हणून बर्फात अडकलोच तर पुरावी एवढी जादा शिधासामग्री. त्या मोहिमेचे अंदाजपत्रक कुणी तरी नीट लिहिलेले असणार.)

आणि आता विमा. तक्त्यातली ही सर्वांत लहान रक्कम, एकूण खर्चाच्या दोन टक्केही नाही. सर्वांत जास्त वेळ मात्र तिने घेतला. प्रवासाच्या बहुतेक साध्या पॉलिसींमध्ये बर्फावरचे खेळ वगळलेले असतात. त्यांसाठी वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि तो भरल्यावरही आखलेल्या उतारांबाहेर गेल्यास संरक्षण संपते. हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च किती रकमेपर्यंत, हे बारीक अक्षरांत असते. मैत्रीण ती अक्षरे वाचत होती आणि मला गियोमे आठवत होता.

आन्री गियोमे हा फ्रेंच टपाल कंपनीचा वैमानिक. १३ जून १९३० रोजी, ऐन हिवाळ्यात, सांतियागोहून मेन्दोसाकडे टपाल नेताना वादळाने त्याचे विमान आंदीजमध्ये लागुना देल दियामांते या सरोवरापाशी खाली उतरवले. अंतुआन द सेंतेक्झ्युपेरी तेव्हा त्याच कंपनीच्या ब्यूनोस आयरेसच्या कारभाराचा प्रमुख होता. मित्राला शोधत तो दिवसांमागून दिवस त्या शिखरांवर घिरट्या घालत राहिला. गियोमे पाच दिवस आणि चार रात्री बर्फातून चालला आणि जिवंत परत आला. 'तेर दे झोम' या १९३९ सालच्या पुस्तकात सेंतेक्झ्युपेरीने ही हकीकत मित्राच्याच तोंडून ऐकल्याप्रमाणे सांगितली आहे. इंग्रजीतून 'विंड, सँड अँड स्टार्स' म्हणून आपल्याकडे ती वर्गावर्गांतून शिकवली जाते, आणि शिकवताना आपण धैर्य, मैत्री, जबाबदारी असे मोठे शब्द फळ्यावर लिहितो. मीही लिहीत आले आहे.

पण मूळ प्रसंगाचा कणा काय आहे? गियोमे घसरून पालथा पडतो आणि उठत नाही. थंडी आता दुखत नाही, झोप येते आहे, सगळे सोपे झाले आहे. त्याला बायकोची आठवण येते, आणि त्या आठवणीच्या पोटात एक अगदी व्यवहारी आठवण: विम्याची पॉलिसी आहे, ती उघड्यावर पडणार नाही. इथवर सुटकाच. मग कायद्याचे कलम आठवते. माणूस बेपत्ता झाला तर मृत्यू मानला जायला चार वर्षे जावी लागतात. प्रेत सापडले पाहिजे. आपण पडलो आहोत त्या उतारावरून उन्हाळ्यात वितळणारे पाणी प्रेत वाहून नेईल. समोर पन्नासेक मीटरवर एक खडक आहे. त्याला टेकून मेलो तर सापडू. म्हणून तो उठतो. आणि एकदा उठल्यावर आणखी दोन रात्री आणि तीन दिवस चालतो.

म्हणजे विसाव्या शतकातल्या या विख्यात साहसकथेत नायक उभा राहतो तो विम्याच्या एका अटीमुळे. आम्ही वर्गात या वाक्यावरून भरभर पुढे जातो, जणू लेखकाकडून चुकून व्यवहाराचा डाग पडला आहे. मला आता वाटते, प्रेम दाखवायला सेंतेक्झ्युपेरीला याहून नेमकी जागा सापडली नसती. 'तुझी आठवण आली' हे कुणीही बर्फात पडून म्हणेल. चार वर्षे तिचे घर कसे चालेल, हा हिशेब मरत असताना करणे ही वेगळी गोष्ट. रोमँटिक मन आणि हिशेबी मन अशी जी फाळणी आपण साहित्यात करतो (कवी वेडा, वाणी शहाणा) ती त्या खडकापाशी टिकत नाही. आपल्याकडे ही मुदत सात वर्षांची आहे, हे मैत्रिणीने सहज शोधून सांगितले आणि तिच्या स्वभावाप्रमाणे तक्त्याच्या समासात नोंदवून ठेवले.

हिशेबाची दुसरी, काळी बाजूही याच पर्वतात आहे. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचे विमान आंदीजमध्ये कोसळले. रग्बीच्या एका संघाने सांतियागोला सामन्यासाठी जायला ते भाड्याने घेतले होते, आणि माणशी खर्च कमी पडावा म्हणून उरलेल्या जागा मित्रांना, नातेवाइकांना विकल्या होत्या. पंचेचाळीस माणसे. बहात्तर दिवसांनी सोळा जिवंत परत आली. ती कशी जगली हे जगाला ठाऊक आहे. २०२३ साली त्यावरचा बायोनाचा चित्रपटही पुष्कळांनी पाहिला. माझे मन मात्र त्या विकलेल्या जागांपाशी अडकते. जागा रिकामी आहे, येतोस का, वर्गणी थोडी कमी होईल. असे किती बेत आपण स्वतः आखले आहेत. शाळेच्या सहली, लग्नाच्या बसेस. त्या आकडेमोडीत दोष कोणाचाच नव्हता.

आज सांतियागो ते मेन्दोसा हे उड्डाण तासाभराचेही नाही. खालचा रस्ता मात्र हिवाळ्यात अजून कधी कधी दिवसचे दिवस बंद असतो. पोर्तिलोच्या पुढेच तो बोगद्यातून अर्जेंटिनात जातो आणि वादळ आले की सीमा मिटते. म्हणून शनिवारी हॉटेल सोडून त्याच रात्रीचे विमान पकडायचे नाही, मधे दोन दिवस राखून ठेवायचे, असे आम्ही ठरवले. त्या दोन दिवसांचा खर्च काहीच न घडण्यासाठीचा खर्च आहे. तो लिहिताना हात सर्वांत जास्त कचरतो.

एक रकाना अजून भरता आलेला नाही. आम्ही आगाऊ पैसे देणार आहोत ते खोलीचे, अन्नाचे, लिफ्टचे. बर्फाचे नव्हे. तो विकत मिळत नाही, मिळेल असे कुणी लिहून देत नाही. मध्य चिलीत २०१० पासून अवर्षणाची लांबलचक मालिका सुरू झाली. सांतियागोला पाणी पुरवणाऱ्या नद्या याच पर्वतातल्या बर्फावर वाहतात. बोलिव्हियात ला पाझजवळच्या चाकाल्तायावर, पाच हजार मीटरच्याही वर, एके काळी जगातला सर्वांत उंच स्कीचा उतार होता. तिथली हिमनदी २००९ साली संपली. मंडळाची झोपडी आहे, दोरखंडाचे अवशेष आहेत आणि दगड. दोन माणसे बर्फ पाहायला बत्तीस हजार किलोमीटरचे इंधन जाळतात तेव्हा त्या दगडांत आपलाही एक कण भर पडतो, हे आम्हा दोघींना कळते. मैत्रिणीने त्यासाठी टनांत एक आकडा काढला. तिच्या मते तो आकडा रुपयांत बदलून कुठे तरी झाडांसाठी द्यावा. मला हे प्रायश्चित्ताच्या दक्षिणेसारखे वाटते आणि मी तसे बोलून दाखवले. ती म्हणाली, "मग तू जाऊ नकोस." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि जायचे तर मला आहेच. आकडा तक्त्यात राहिला आहे. त्याचा रंग तिने वेगळा ठेवला आहे.

बेरीज आमच्या अंदाजापेक्षा बरीच वर गेली. तिची निवृत्ती दोन वर्षांवर आहे, माझी पाचांवर. गुडघ्यांचा हिशेब वेगळाच. मार्चपर्यंत थांबले तर तिकीट उतरेल, असे आलेख सांगतो. पोर्तिलोचा तो आठवडा मार्चपर्यंत उरणार नाही, असे हॉटेलचे पत्र सांगते.

गेल्या रविवारी विम्याचा अर्ज भरायला बसलो. माझा लवकर झाला. वारसाच्या जागी मी भाचीचे नाव लिहिले. मैत्रीण एकटी असते. आईवडील नाहीत, भावाशी फारसे बोलणे नाही. त्या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "हा कोरा ठेवला तर चालतं का बघ." मी नियम उघडून पाहिला. चालत नाही.